पुस्तकांची ओळख यंत्राला पटवून देणारी स्त्री : हेन्रिएट अ‍ॅव्हरम

ज्यांचे महाविद्यालयीन शिक्षण नव्वदच्या दशकापूर्वी झाले, त्यांना ग्रंथालयातील तालिकेचे लाकडी कपाट नक्कीच आठवत असेल. लहान लहान खणांची ती भिंत, आत दाटीवाटीने उभी असलेली जाड कागदाची कार्डे आणि ती निसटू नयेत म्हणून त्यांच्या तळाच्या भोकांतून ओवलेली सळई. लेखकाच्या नावाचा खण वेगळा, शीर्षकाचा वेगळा, विषयाचा आणखी वेगळा. हवे ते पुस्तक ग्रंथालयात आहे की नाही, हे कळायला कधी पाच मिनिटे लागत, तर कधी अर्धा तास. दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात ते आहे का, हे कळण्याचा मार्ग पत्र पाठवणे किंवा स्वतः जाऊन पाहणे एवढाच होता.

आज पुण्या-मुंबईतील विद्यार्थी संगणकावर दोन शब्द टाइप करतो आणि जगातील हजारो ग्रंथालयांपैकी कोणत्या ग्रंथालयात ते पुस्तक आहे, हे क्षणार्धात पाहतो. या सोयीचे श्रेय आपण इंटरनेटला देऊन मोकळे होतो. वस्तुतः इंटरनेट सर्वसामान्यांच्या घरी पोहोचण्याच्या पंचवीस वर्षे आधीच या सोयीचा पाया घातला गेला होता. तो घालणारी स्त्री ग्रंथपाल नव्हती. ग्रंथालयशास्त्राची कोणतीही पदवी तिच्याजवळ नव्हती. नोकरीच्या पहिल्या दिवशी तालिकेचे कार्ड तिच्यासाठी जवळजवळ परकेच होते. हेन्रिएट अ‍ॅव्हरम हे तिचे नाव. जगभरच्या ग्रंथपालांना ते परिचित आहे, वाचकांना मात्र नाही.

वैद्यकाचे स्वप्न आणि संगणकाची वाट

हेन्रिएट डेव्हिडसन यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९१९ रोजी न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटनमध्ये झाला. मेन राज्यातील ओगन्क्विट या समुद्रकाठच्या गावी त्यांच्या आईच्या माहेरचे कलावस्तू आणि जुन्या दुर्मीळ वस्तूंचे दुकान होते. उन्हाळ्याच्या सुट्या तेथे जात. वाचनाची त्यांना विलक्षण आवड होती आणि कर्करोगावर औषध शोधून काढायचे, हे त्या वयातले स्वप्न होते. त्यासाठीच न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमध्ये त्यांनी वैद्यकपूर्व अभ्यासक्रमाचा मार्ग धरला.

१९४१ मध्ये हर्बर्ट अ‍ॅव्हरम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे तीन मुले झाली आणि त्या काळच्या बहुसंख्य सुशिक्षित अमेरिकन स्त्रियांप्रमाणे त्यांचेही आयुष्य संसाराभोवती फिरू लागले. वैद्यकाचे स्वप्न मागे पडले. पतीच्या सरकारी नोकरीमुळे १९५१ मध्ये कुटुंब वॉशिंग्टनजवळील आर्लिंग्टन येथे राहावयास आले. येथे हेन्रिएट यांनी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात गणिताचे अभ्यासक्रम सुरू केले. तिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई पुन्हा वर्गात जाऊन बसते, ही गोष्ट त्या काळी अमेरिकेतही नित्याची नव्हती.

१९५२ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय सुरक्षा संस्था स्थापन झाली. परकीय संदेशांची सांकेतिक लिपी उलगडणे हे तिचे मुख्य काम. पती त्या क्षेत्रात होते. हेन्रिएटही तेथे दाखल झाल्या आणि संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींपैकी एक ठरल्या. आयबीएम ७०१ हे त्या काळातील अजस्र यंत्र त्यांच्या हाती आले. त्या वेळी आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण देणारी महाविद्यालये नव्हती, पाठ्यपुस्तकेही नव्हती. यंत्राबरोबर आलेल्या माहितीपुस्तिका वाचायच्या, चुका करायच्या आणि त्या चुकांतून शिकायचे, हाच अभ्यासक्रम. तेथील कामाचे तपशील अर्थातच गोपनीय होते. एक सवय मात्र तेथे अंगी बाणली. समोर आलेल्या माहितीचा प्रत्येक कण सुटा करून तो काय सांगतो, हे तपासायचे आणि काहीही गृहीत धरायचे नाही.

१९५९ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. अमेरिकन रिसर्च ब्यूरो आणि त्यानंतर डेटाट्रोल या आज्ञावली तयार करणाऱ्या कंपनीत त्यांनी काम केले. डेटाट्रोलमध्ये असताना संगणकशास्त्राच्या एका ग्रंथालयाची रचना करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि ग्रंथालय या विषयाशी त्यांची पहिली गाठ पडली. या काळात फ्रेडरिक किल्गोर यांच्यासारख्या, ग्रंथालयात संगणक आणू पाहणाऱ्या अनुभवी ग्रंथपालाचे मार्गदर्शनही लाभले. या किल्गोर यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

काँग्रेसच्या ग्रंथालयात

वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस हे अमेरिकी संसदेचे ग्रंथालय १८०० मध्ये स्थापन झाले. व्यवहारात ते अमेरिकेचे राष्ट्रीय ग्रंथालयच. १९०१ पासून हे ग्रंथालय आपली छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकत देत असे. एखाद्या लहान गावातील ग्रंथालयाने नवे पुस्तक घेतले की त्याचे कार्ड वॉशिंग्टनहून मागवायचे आणि खणात लावायचे. एकच पुस्तक शेकडो ठिकाणी शेकडो तालिकाकारांनी पुन्हा पुन्हा नोंदवण्याचे श्रम त्यामुळे वाचत. कल्पना उत्तम होती, पण दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रंथनिर्मिती इतकी वाढली की ही व्यवस्था भाराखाली वाकू लागली. पुस्तक दाखल व्हायचे, पण कार्ड यायला आठवडे लागायचे आणि कार्ड आले तरी ते लावायला माणसे अपुरी पडायची.

मोठ्या ग्रंथालयाच्या तालिकेचे काम संगणकावर नेता येईल का, याचा अभ्यास गिल्बर्ट किंग यांच्या समितीने केला होता. ते शक्य आहे, असा निर्वाळा १९६३ च्या तिच्या अहवालाने दिला. शक्य आहे हे ठरले, पण कसे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. त्यासाठी ग्रंथालयाने एक स्वतंत्र कक्ष उघडला. त्याचे प्रमुख सॅम्युएल स्नायडर हेदेखील सुरक्षा संस्थेतून आलेले संकेतलिपीतज्ज्ञ होते. १९६५ च्या मार्च महिन्यात हेन्रिएट अ‍ॅव्हरम या कक्षात प्रणाली विश्लेषक म्हणून रुजू झाल्या. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळीस होते.

त्यांच्यावर सोपवलेले पहिले काम ऐकायला साधे होते. तालिकेच्या कार्डावर जे काही लिहिलेले असते, ते संगणकाला समजेल अशा रूपात कसे मांडता येईल, ते सांगायचे.

एका कार्डात काय काय असते?

हे काम किती अवघड होते, याची कल्पना येण्यासाठी कार्डाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर उंच असा हा कागदाचा तुकडा. वर लेखकाचे नाव, खाली शीर्षक, मग प्रकाशनाचे स्थळ, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, आकार, टीपा, तळाशी विषय आणि एका बाजूला वर्गांक. वाचकाच्या डोळ्याला यातले काय कोठे आहे, हे सांगावे लागत नाही. जागा, समास आणि विरामचिन्हे यांवरून त्याला ते आपोआप कळते.

यंत्राला यातले काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने ती अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक माळ असते. जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीचे शीर्षक हे प्रकाशनाचे वर्ष नव्हे, हे त्याला कोण सांगणार? महात्मा गांधींच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेच्या कार्डावर गांधींचे नाव दोनदा येते. एकदा लेखक म्हणून आणि एकदा त्या पुस्तकाचा विषय म्हणून. नाव एकच, पण त्याचे काम वेगवेगळे. गांधींनी लिहिलेली पुस्तके हवी असलेल्या वाचकाला गांधींवर इतरांनी लिहिलेली पुस्तके देऊन चालत नाही. अनुभवी तालिकाकार हा फरक सहज करत असत, पण तो आपण कसा करतो, हे शब्दांत मांडण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नव्हती.

अ‍ॅव्हरम यांनी नेमके तेच त्यांना विचारायला सुरुवात केली. संदर्भविभागातील ग्रंथपाल रूथ फ्रायटॅग आणि तालिकाकार के गाइल्स यांच्यासह त्या कामाला लागल्या. एकीला वाचक पुस्तक कसे शोधतो हे ठाऊक, दुसऱ्याचे तालिकेच्या नियमांवर प्रभुत्व आणि तिसरी व्यक्ती यंत्राच्या मर्यादा जाणणारी. कार्डावरील प्रत्येक शब्द, प्रत्येक अंक, प्रत्येक स्वल्पविराम त्यांनी तपासला. हे येथे का आहे? ते नेहमी असते की कधी कधी? ते किती लांब असू शकते? त्यावरून कोणी शोध घेईल का? प्रश्नांची ही मालिका संपता संपत नसे.

संगणक क्षेत्रातील अनेकांना त्या काळी वाटत असे की पुस्तकांची यादी ही एक किरकोळ गोष्ट आहे, काही महिन्यांत ती यंत्रावर चढवता येईल. अ‍ॅव्हरम यांचा अनुभव त्याच्या अगदी उलट ठरला. तालिकाकारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी साठवलेले ज्ञान या छोट्याशा कागदात किती सूक्ष्मपणे भरलेले आहे, हे जसजसे उमगत गेले, तसतसा त्यांचा या व्यवसायाबद्दलचा आदर वाढत गेला. यंत्रासाठी तालिका सोपी करून घ्या, असा आग्रह धरणे त्यांना सहज शक्य होते. तसे करण्याऐवजी तालिकेचे सारे बारकावे पेलू शकेल असा आराखडा यंत्रासाठी तयार करायचे त्यांनी ठरवले. पुढच्या सर्व यशाचे मूळ या निर्णयात आहे.

तीन अंकी आकड्यांची भाषा

जून १९६५ मध्ये, म्हणजे रुजू झाल्यावर अवघ्या तीन महिन्यांत, या आराखड्याचा पहिला प्रस्ताव चर्चेसाठी ग्रंथालयांपुढे ठेवण्यात आला. त्यातूनच 'मार्क' ही पद्धत जन्माला आली. मशीन रीडेबल कॅटलॉगिंग, म्हणजेच यंत्रवाचनीय तालिकीकरण, याचे हे संक्षिप्त रूप.

त्यामागची कल्पना अशी. कार्डावरील प्रत्येक माहितीला तीन अंकी क्रमांक द्यायचा. मुख्य लेखक व्यक्ती असेल तर क्रमांक १००. शीर्षकाचा २४५. पुस्तक एखाद्या व्यक्तीविषयी असेल तर त्या व्यक्तीचे नाव ६०० मध्ये, सर्वसाधारण विषय ६५० मध्ये आणि स्थळ हाच विषय असेल तर ते ६५१ मध्ये. आता गांधींचे नाव १०० मध्ये आले तर ते लेखक, ६०० मध्ये आले तर ते विषय. यंत्राला अर्थ कळण्याची गरज उरली नाही. क्रमांक पाहिला की पुरे. प्रत्येक क्रमांकाच्या आत पुन्हा लहान कप्पे, म्हणजे मुख्य शीर्षक वेगळे, उपशीर्षक वेगळे.

त्यात आणखी बारकावे होते. इंग्रजी शीर्षकांच्या आरंभी 'द' हे उपपद असते आणि अकारविल्हे लावताना ते सोडून द्यायचा प्रघात आहे. खणात कार्ड लावणारा माणूस ते मनातल्या मनात वगळतो. यंत्रासाठी शीर्षकाच्या क्रमांकापुढे एक अंक ठेवण्याची सोय झाली. इंग्रजीत या उपपदाची तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा मिळून चार. तेथे चार लिहिले की यंत्र पहिली चार स्थाने सोडून पाचव्यापासून क्रम लावते.

सर्वांत मोठी अडचण लांबीची होती. त्या काळी संगणकाला माहिती पुरवली जाई ती बहुधा भोके पाडलेल्या कार्डांवरून. अशा कार्डावर ऐंशी रकाने असत आणि प्रत्येक माहितीसाठी ठरावीक जागा राखून ठेवावी लागे. कर्मचाऱ्यांचे पगार किंवा बँकेतील शिलकी यांसाठी ही पद्धत ठीक होती. पुस्तकाचे शीर्षक मात्र कधी एका शब्दाचे असते, तर कधी पाच ओळींचे. काही पुस्तकांना एक लेखक, काहींना सहा. जागा आखडती ठेवली तर माहिती कापली जाणार, ऐसपैस ठेवली तर महागडी चुंबकीय फीत वाया जाणार. यावर मार्कने काढलेला तोडगा असा की प्रत्येक नोंदीच्या आरंभी चोवीस स्थानांचा एक शिरोभाग आणि त्याच्यामागे एक अनुक्रमणिका ठेवायची. अनुक्रमणिकेत प्रत्येक माहितीचा क्रमांक, तिची लांबी आणि ती कोठून सुरू होते, एवढे बारा अंकांत नोंदवायचे. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून आपण हवे ते प्रकरण उघडतो, तसे यंत्र हवी ती माहिती थेट उचलते. नोंद कितीही लहान वा मोठी असो, अडत नाही.

चुंबकीय फितींचा प्रवास

कागदावरील आराखडा प्रत्यक्षात चालतो का, हे पाहण्यासाठी सोळा ग्रंथालये निवडण्यात आली. हार्वर्ड आणि येल ही विद्यापीठे त्यांत होती, कॅनडातील टोरांटो विद्यापीठ होते आणि शाळांना सेवा देणारे ग्रंथालयही होते. नोव्हेंबर १९६६ पासून दर आठवड्याला वॉशिंग्टनहून चुंबकीय फिती या ग्रंथालयांकडे जाऊ लागल्या. जून १९६८ पर्यंत चाललेल्या या प्रयोगात सुमारे ५० हजार इंग्रजी पुस्तकांच्या नोंदी तयार झाल्या.

प्रयोगाने आराखड्याचे दोषही उघडे केले. अ‍ॅव्हरम यांनी ते झाकण्याचा प्रयत्न केला नाही. सहभागी ग्रंथालयांच्या तक्रारी ऐकून आराखडा नव्याने बांधण्यात आला. केवळ पुस्तकेच नव्हेत, तर नियतकालिके, नकाशे, चित्रपट, संगीत यांनाही सामावून घेता येईल असे त्याचे स्वरूप झाले. ब्रिटनमधील राष्ट्रीय ग्रंथसूचीचे तज्ज्ञही या चर्चेत सामील झाले. मार्च १९६९ मध्ये कोणत्याही ग्रंथालयाला वर्गणी भरून या फिती मिळू लागल्या.

या टप्प्यावर खरा धोका तंत्रज्ञानाचा नव्हता. प्रत्येक मोठे ग्रंथालय आपापली वेगळी पद्धत काढण्याच्या बेतात होते. तसे झाले असते, तर एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याच्या संगणकाला कधीच वाचता आली नसती आणि यंत्रयुगातही प्रत्येकाला पुन्हा आपापली कार्डे लिहीत बसावे लागले असते. एक मान्य मानक होण्यासाठी आज्ञावलीपेक्षा मनधरणीची गरज होती. समित्या, परिषदा, पत्रव्यवहार, परदेश दौरे यांत अ‍ॅव्हरम यांची पुढची वर्षे गेली. १९७१ मध्ये मार्कचा आराखडा अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाला आणि १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक. १९७७ मध्ये ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने देशोदेशींच्या नोंदींची देवाणघेवाण व्हावी म्हणून युनिमार्क हे त्याचे रूप प्रसिद्ध केले.

मधल्या काळात फ्रेडरिक किल्गोर ओहायो राज्यात पोहोचले होते. तेथील महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी १९६७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राची सूत्रे त्यांच्याकडे होती. ऑगस्ट १९७१ मध्ये ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयात दूरस्थ संगणकाला जोडलेल्या पडद्यावर बसून पुस्तकांची नोंद करण्यास सुरुवात झाली. त्या पडद्यामागे होत्या मार्कच्या नोंदी. एका ग्रंथालयाने नोंद केली की ती इतरांना आयती मिळे. आज वर्ल्डकॅट या नावाने ओळखली जाणारी जगातील सर्वांत मोठी संयुक्त तालिका याच केंद्रातून वाढली.

त्याच वर्षांत घडत असलेली आणखी एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. १९५६ पूर्वीच्या ग्रंथांची अमेरिकेची राष्ट्रीय संयुक्त तालिका १९६८ पासून छापली जात होती. जुन्या कार्डांची छायाचित्रे घेऊन बनवलेली ही तालिका १९८१ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा तिचे ७५४ खंड झाले होते. छापील तालिकेचा हा सर्वांत भव्य अवतार आणि चुंबकीय फितीवरील नवी तालिका एकाच वेळी आकार घेत होत्या.

सर्वच प्रयत्न यशस्वी झाले असे मात्र नाही. ग्रंथालयातील लाखो जुन्या कार्डांवरील माहितीही संगणकावर आणावी, यासाठी १९६९ ते १९७१ या काळात एक पथदर्शी प्रकल्प राबवण्यात आला. शब्द आणि विरामचिन्हे यांच्या खुणांवरून यंत्राने स्वतःच क्रमांक द्यावेत आणि माणसाने ते फक्त तपासावेत, अशी आज्ञावलीही अ‍ॅव्हरम यांच्या विभागाने तयार केली. काळाच्या मानाने ही झेप मोठी होती, परंतु सारा संग्रह रूपांतरित करण्याचा खर्च परवडणारा नव्हता. हे काम त्या वेळी मागे पडले.

अधिकाराच्या पायऱ्या

१९७० मध्ये अ‍ॅव्हरम मार्क विकास विभागाच्या प्रमुख झाल्या, १९७६ मध्ये ग्रंथालय जाळ्यांच्या विकास विभागाच्या संचालक आणि १९८३ मध्ये संपूर्ण ग्रंथप्रक्रिया विभागाच्या सहायक ग्रंथपाल. जे ग्रंथालयशास्त्र त्यांनी कधी वर्गात शिकले नव्हते, त्याच क्षेत्रातील जगातील सर्वांत मोठा तालिकाविभाग आता त्यांच्या हाताखाली होता. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या पदावर सुमारे १७०० कर्मचारी त्यांच्या अखत्यारीत होते.

ऐंशीच्या दशकात त्यांचे लक्ष एका नव्या प्रश्नावर होते. फिती टपालाने पाठवण्याऐवजी एका ग्रंथालयाचा संगणक दुसऱ्याशी थेट का बोलू शकणार नाही? अमेरिकेतील प्रमुख तालिकाकेंद्रांना जोडणाऱ्या प्रकल्पात त्यांनी पुढाकार घेतला. एका पद्धतीच्या संगणकावर बसून दुसऱ्या पद्धतीच्या संगणकातील तालिका शोधण्याचे जे मानक पुढे जगभर रूढ झाले, त्याची पायाभरणी याच कामात झाली.

जानेवारी १९८१ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या मुख्य कार्ड-तालिकेत नवी कार्डे लावणे थांबवले. १९०१ पासून चाललेली कार्डविक्री १९९७ मध्ये बंद झाली. ओहायोतील केंद्राने आपले अखेरचे कार्ड १ ऑक्टोबर २०१५ रोजी छापले.

मान-सन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. अमेरिकन सरकारी सेवेतील कर्तबगार स्त्रियांसाठीचा पुरस्कार १९७४ मध्ये मिळाला. त्याआधी १९७१ मध्येच तालिकीकरणातील कामगिरीसाठीचे मार्गारेट मान मानपत्र त्यांना देण्यात आले होते. १९९७ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. बाहेरून आलेल्या संगणकतज्ज्ञ स्त्रीला ग्रंथपालांनी अशा रीतीने आपले मानले.

मराठी पुस्तकाची नोंद

मार्कशी आपल्या मराठी ग्रंथांचेही नाते आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके गोळा करीत आले आहे आणि त्यांत मराठीचाही समावेश आहे. त्यामुळे शिकागो किंवा वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या अभ्यासकाला मराठी कादंबरीचा किंवा संतसाहित्यावरील ग्रंथाचा ठावठिकाणा घरबसल्या लागतो.

पण या नोंदी दीर्घकाळ देवनागरीत नव्हत्या. संगणकांची छपाई मोठ्या इंग्रजी अक्षरांपुरतीच असे, त्या काळात मार्कने रोमन लिपीतील स्वरचिन्हांची आणि टिंबांची काळजी घेतली, हे खरे. पुढे चिनी, जपानी, अरबी, हिब्रू आदी लिप्यांनाही त्यात स्थान मिळाले. देवनागरीला मात्र युनिकोड येईपर्यंत ते मिळाले नाही. 'ज्ञानेश्वरी' शोधायची तर एन या अक्षरावर नागमोडी चिन्ह, एसवर तिरकी रेघ, ए आणि आय यांवर आडवी रेघ, अशा रोमन रूपात ती ओळखावी लागे. अभ्यासकाला ते साधे, सामान्य मराठी वाचकाला नाही. युनिकोडनंतर मूळ लिपीतील नोंद रोमन नोंदीच्या शेजारी ठेवण्याची वाट मोकळी झाली. तरीही मूळ लिपीतील नोंद हवी तर ती कोणी तरी मुद्दाम करावी लागते.

दुसरीकडे, १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्या पद्धती एकत्र करून बनलेले मार्क २१ आज आपल्याकडच्या ग्रंथालयांतही वापरले जाते. न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेली कोहा ही मोफत प्रणाली महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांनी स्वीकारली आहे. तेथे नवे पुस्तक दाखल करताना ग्रंथपाल पडद्यावर २४५ या क्रमांकासमोर शीर्षक भरतात. १९६० च्या दशकात वॉशिंग्टनमध्ये ठरलेल्या आराखड्याचीच ही पुढची पिढी.

यशाचे ओझे

इतके टिकाऊ काम टीकेतून सुटत नाही. मार्कने कागदी कार्डाचीच प्रतिमा यंत्रात उतरवली, असा आक्षेप घेतला जातो. कार्डावर जे होते तेच संगणकात आले. एक लेखक, त्याची मूळ कृती, तिची भाषांतरे, त्यांच्या आवृत्त्या यांचे परस्परांशी असलेले नाते त्यात नीट दिसत नाही. चुंबकीय फितीची काटकसर लक्षात घेऊन केलेली रचना इंटरनेटच्या काळात अडचणीची वाटते. २००२ मध्ये अमेरिकेतील एका ग्रंथालयविषयक नियतकालिकात मार्कचा अंत झालाच पाहिजे, असे सुचवणारा लेख प्रसिद्ध झाला आणि त्यावर बरेच वादंग माजले. २०११ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनेच मार्कची जागा घेऊ शकेल अशा नव्या आराखड्याचे काम हाती घेतले.

या टीकेत तथ्य आहे. पण १९६५ मध्ये समोर कार्डच होते आणि त्यातील ज्ञानाचा कणही न गमावता ते यंत्रापर्यंत नेणे हेच काम होते, हेही विसरता येत नाही. मार्क सोडून पुढे जाणे कठीण होण्याचे एक मोठे कारण असे की जगभरच्या कोट्यवधी नोंदी त्यात आहेत आणि त्या एकमेकींशी जुळतात. माहिती आधीच सुटी सुटी करून, क्रमांक देऊन ठेवलेली असल्यामुळेच ती उद्या नव्या आराखड्यात नेणेही शक्य आहे. कार्डांची नुसती छायाचित्रे काढून ठेवली असती, तर ते झाले नसते.

अ‍ॅव्हरम १९९२ मध्ये निवृत्त झाल्या. २२ एप्रिल २००६ रोजी फ्लॉरिडातील मायामी येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ८६ वर्षांच्या होत्या. ज्या रोगावर औषध शोधण्याचे स्वप्न त्यांनी मुलगी असताना पाहिले, त्यानेच अखेरीस त्यांना गाठले. पण जगातील कोणत्याही देशातला कर्करोगाचा अभ्यासक आज आपल्या विषयावरील ग्रंथ ग्रंथालयाच्या तालिकेत शोधतो, तेव्हा ती तालिका बहुधा त्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते. त्यांचे नाव त्या पडद्यावर कोठेही दिसत नाही. तेथे दिसते ते पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव आणि ते कोणत्या ग्रंथालयात मिळेल, एवढेच.